कादंबरीतला पूर्वज

माझा लेखक मित्र गेला आणि दुसऱ्याच दिवशी चाकणकडच्या एका गावात फ्लेक्स लागला. वर ‘भावपूर्ण श्रद्धांजली’, मधोमध हात जोडलेले माजी सरपंच, मागे कडक इस्त्रीतले झाडून सगळे शोकाकुल कार्यकर्ते. लेखक कोपऱ्यात, पासपोर्ट साइजचा, आणि नावाआधी ‘थोर चरित्रकार’. माझं डोकंच फिरलं. या माणसानं उभ्या जन्मात एकही चरित्र लिहिलं नाही. लिहिल्या त्या ऐतिहासिक कादंबऱ्या, घोडे उधळणाऱ्या.

त्यातल्या एकीसाठी त्याला एक शूर सरदार हवा होता. इतिहासात मिळेना, म्हणून त्यानं पिंपरीत माझ्याच घरी चहा पिता पिता तो रचला आणि नकाशा बघून त्याला हे गाव देऊन टाकलं. पुस्तक तुफान खपलं. गावातल्या थोरल्या भावकीनं सरदाराला पूर्वज करून घेतलं. धाकटी भावकी म्हणाली, आमचा. जमिनी कंपन्यांना गेल्यावर भांडायला काहीतरी लागतंच की, राव. शेवटी तोड निघाली: थोरल्यांची जयंती तिथीनं, धाकट्यांची तारखेनं.

लेखक हबकला. ‘अभ्यासक मला जोड्यानं मारतील,’ म्हणायचा. पुढं थोरल्यांनी जयंतीला पाहुणा म्हणून बोलावलं, तेव्हा त्यानं ठरवलं, माइकवरून खरं सांगून मोकळं व्हायचं. सोबत मला नेलं. व्यासपीठावर चढण्याआधीच त्यानं माजी सरपंचांना बाजूला घेतलं.

‘दादा, हा माणूस मी बनवलाय. असा कुणी झालाच नाही.’

दादा जरासुद्धा हलले नाहीत. ‘आसं कसं? तुमाला सुचला म्हंजी व्हताच की. तुमी निस्तं लिवलं. मानूस आमचा हाय.’

मग शाल, श्रीफळ आणि प्रतिमापूजन. पडदा सरकला. चित्रकारानं पुस्तक शब्दाला शब्द धरून चित्र काढलं होतं. भुवईवर व्रण, मान किंचित कललेली, उजव्या हाताची दोन बोटं तुटलेली. लेखक हार हातात धरून नुसताच उभा. मग त्यानं हार घातला, वाकून पाया पडला आणि भाषण केलं ते वाचनाच्या महत्त्वावर.

परतताना मी त्याला चांगलाच झाडला. म्हटलं, एवढं शेपूट घालायचं होतं तर आलास कशाला?

‘बाप आहे रे तो माझा,’ म्हणाला. ‘हुबेहूब. बोटं पॉवर प्रेसमध्ये गेली, कंपनीनं घरी बसवलं. जिवंतपणी कुणी त्याला हार घातला नाही. आज अख्खं गाव पाया पडत होतं. मी कुठल्या तोंडानं सांगू, हा खोटा आहे म्हणून?’

पुढं त्यानं तो विषयच सोडला. मी मात्र गावातल्या त्याच्या शोकसभेला गेलो तो ‘चरित्रकार’ या शब्दाचा समाचार घ्यायच्या तयारीनं. व्यासपीठावर सरदाराची तीच प्रतिमा, लेखकाच्या फोटोपेक्षा दुप्पट मोठी. मला माइक देताना दादा कानात कुजबुजले, ‘पूर्वजाबद्दल वंगाळ नगं.’

समोर पहिल्याच खुर्चीवर लेखकाची नव्वदीला टेकलेली आई बसली होती. मुलाच्या फोटोकडं बघून रडत होती. मला सगळं भाषण गिळावं लागलं.

‘हा माणूस खरंच होऊन गेला,’ मी म्हणालो. ‘त्याची बोटं खरंच गेली होती.’

शोकसभा असून टाळ्या पडल्या. म्हातारीनं मान वर करून पहिल्यांदाच त्या मोठ्या प्रतिमेकडं नीट पाहिलं. पाहत राहिली. मग डोक्यावरून घसरलेला पदर तिनं पुढं ओढून घेतला.