उजवं चाक

ब्रेक मारला की आमची पिकअप उजवीकडे ओढायची. थोडीथोडकी नाही, चांगली हातभर. मी ते चालवून घेत होतो, ही माझी अक्कल.

कोहक्यातल्या घरून रसमड्याच्या कारखान्यांपर्यंत रोज कॅन्टीनचा भाजीपाला पोचवणं हा माझा धंदा. गाडी जुनी, चारही चाकांना ड्रम ब्रेक. ते अधूनमधून हातानं आवळावे लागतात, आणि ते काम बाबांचं. पोलादाच्या प्लांटमधून फिटर म्हणून रिटायर झाल्यावर त्यांच्याकडे तेवढं एकच काम उरलं होतं. मेकॅनिकचं नाव काढलं की भडकायचे. "इतकी वर्षं मी तिथं काय भजे तळून राहिलो होतो बे?"

पद्धत अशी. चाक जॅकवर उचलायचं, गाडीखाली समोरून डोकं घालून उताणं सरकायचं, ड्रमच्या पाठच्या भोकातून पेचकस घालून आतली दातेरी चकती फिरवायची. चाक जाम झालं की हळूहळू सैल करत यायचं. मी वरून चाक फिरवायचो. अगदी हलकी खरखर उरली की बाबा म्हणायचे, "बस." ती खरखर ते प्लांटच्या सवयीनं ऐकायचे : सळईचं एक टोक ड्रमच्या पाठीला, दुसरं कानाला. डाव्या चाकाला डावा कान, उजव्याला उजवा. त्यांच्या कानावर आमच्या घरात कुणी शंका घेतली नव्हती.

त्या आठवड्यात रसमड्याच्या रस्त्यावर एक गाय आडवी आली. मी ब्रेक दाबला, गाडी उजवीकडे गेली, आणि समोरून सायकलवर एक बाई येत होती. तिनं सायकल सोडून बाजूला उडी मारली म्हणून वाचली. कोपर सोलून निघालं होतं. "आँखी फूट गे हे का?" ती ओरडली. उतरून बघतो तर उजव्या चाकापाशी जळका वास, ड्रमला हात लावायची सोय नाही. घरी मी फक्त एवढंच सांगितलं, की गाडी ओढून राहिली.

रविवारी सकाळी बाबा पुन्हा गाडीखाली गेले. डावं चाक झकास जमलं. उजवं मी फिरवतो तर ते करकरत होतं, दोन्ही हातांनी जोर लावावा लागत होता. खालून बाबा ओरडले, "अजून आवाजच नाही येऊन राहिला! मी आवळतो, तू जोरानं फिरव!"

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. टीव्हीचा तो कान फाडणारा आवाज, फोन नेहमी डाव्या कानाला, आईवर उगाच चिडणं, "कावून पुटपुटतेस?" आमच्याकडे प्लांटचा माणूस मोठ्यानंच बोलतो, त्यात काही वावगं वाटत नाही. आईनं तर त्यांचं नाव भोंगा ठेवलं होतं, आणि आम्ही सगळे हसायचो. लाज वाटली मला.

संतापही आला होता. त्या बाईचं कोपर डोळ्यांसमोरून हलत नव्हतं. पण बाबांचे दोन पाय बंपरखालून बाहेर आलेले, टाचांना भेगा, ते बघून राग गिळला. चाक सोडून दिलं आणि जितकं हळुवार बोलता येईल तितकं बोललो, "बाबा, राहू द्या आता. तुमाले ऐकू येत नाही."

खालून काहीच नाही. मला वाटलं, लागलं त्यांना. माझेच डोळे भरून आले.

मग आवाज आला, "फिरवून राहिला का झोपला बे?"

मी गुडघ्यांवर बसलो, गाडीखाली तोंड घातलं आणि तेच पुन्हा ओरडून म्हटलं. या खेपेला त्यांना ऐकू गेलं. आख्ख्या गल्लीला गेलं.