तळ्याच्या वाटेवरचे काटे

हसणार असाल तर आधी कपातला चहा संपवा, नाहीतर ठसका लागेल. वेडेपणा माझाच आहे, म्हणून निवांत सांगते.

गुंद गावात मी नवी सून होते. बाबांनी माहेरून चंदरी म्हैस दिलेली, नुकतीच व्यालेली. घराखाली तळं होतं. पावसाळा सरला की त्याच्यावर जाड हिरवी साय धरायची. ते पाणी पिऊन आदल्या वर्षी दोन वासरं गेली होती. म्हणून तळ्याच्या वाटेवर काटे टाकायचे, ते नव्या पावसानं तळं वाहीपर्यंत कुणी काढायचे नाहीत. जनावरं लांबच्या ओढ्यावर न्यायची.

पूस महिन्यातली थंडी पडली आणि साय दिसेनाशी झाली! तळाचं पानसुद्धा दिसावं इतकं नितळ पाणी. मी सासूला, आत्याबाईंना, म्हटलं, थंडीनं मेलं की सगळं, काटे काढूया.

आत्याबाई भात पाखडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "मेलं न्हाई ते. खाली गाळात निजलंय. ढवळलं की उठतंय."

शेवाळ काय म्हातारं माणूस आहे, थंडीत पांघरूण घेऊन निजायला?

दुसऱ्या दिवशी त्या रताळ्यासारखी कणगं खणायला गेल्या आणि मी काटे बाजूला सारले. चंदरी काठावर येऊन थांबली, ती हलेचना. ढकललं, चुचकारलं. तिला पटावं म्हणून आणखीही एक गोष्ट केली, ती मागाहून सांगते. शेवटी शिरली एकदाची, आणि मधोमध बसली! तिच्या पोटाखालनं हिरवा ढग उठला, ओल्या लाकडाचा धूर उठावा तसा.

ओढत घरी आणली. आत्याबाईंनी आल्या आल्या तिच्या कुशीवरचा हिरवा चिखल बघितला.

"किती प्याली?"

"बघितलं न्हाई."

त्या शिव्या देतील तर बरं, असं वाटलं. पण त्या लगेच कामाला लागल्या. चंदरीनं अंग चाटू नये म्हणून घागरी ओतून तिला धुतली, रेडकू लांब बांधलं आणि तिच्यासमोर बसल्या. मीही बसले. तिनं कान हलवला की माझ्या काळजात धस्स. मेली तर कुठल्या तोंडानं माहेरी जाऊ? ऊन कललं. भीतीनं माझ्याच पोटात पीळ पडायला लागला.

तेवढ्यात चंदरी उठली, पाण्याच्या दोणीत तोंड घातलं आणि दोण रिकामी केली. आणखी घागर ओतली, तीही संपली. मग उभी राहून निवांत रवंथ करायला लागली.

आत्याबाईंनी पहिल्यांदाच श्वास सोडला. "हिनं तिथं थेंब घेतला न्हाई. न्हाईतर एवढी तहान लागली असती व्हय?"

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. आणि त्याच्यामागोमाग उलटी.

"तुला ग काय झालं?"

आता लपवून काय उपयोग? म्हटलं, "ती तोंड लावीना, आत्याबाई. पाणी चांगलं हाय, हे तिला दाखवायला मी दोन ओंजळी प्याले."

तीन दिवस पेजेवर होते. पुढच्या वर्षी भावजी काटे घेऊन निघाले, तर आत्याबाई त्यांना म्हणाल्या, "म्हशीपुरते नकोत, तिला कळतंय. सुनेपुरते घाला."