दीपिकाच्या नावावरचे होमरन

जिल्ह्यात बेसबॉलचा चेंडू सगळ्यात लांब कुणी मारला, असं पिंगळीत कुणालाही विचारा. शेळ्यावाल्या सटवाजीच्या रेणुकानं, असंच उत्तर येईल. कागदावर मात्र दीपिकाचं नाव होतं.

रेणुकाची आई लवकर गेली. बाप दिवसभर शेळ्यांमागं, म्हणून चुलती धुरपताबाईनं तिला आपल्या दीपिकाबरोबर वाढवलं. दोघींना एका ताटात जेवू घातलं. पण सातवीनंतर दीपिका शाळेत राहिली आणि रेणुका बापासंगं रानात गेली. बाभळीच्या शेंगा झोडपायला तिच्याजवळ काठी असायची. शेळ्या शेंगा खायच्या तोवर ही खडा वर उडवायची, दोन्ही हातांनी काठी फिरवायची आणि खडा ओढ्यापार धाडायची.

शाळेत खेळ शिकवणारे परमेश्वर सर एकदा मोटारसायकलवरून जाताना थांबले.

"आणखी एक मार बरं."

"तुमच्या गाडीला लागंल सर."

"लागू दे."

तिनं मारला. सर गाडी तिथंच सोडून खड्याच्या दिशेनं चालत गेले आणि पावलं मोजत परत आले.

बेसबॉलची स्पर्धा पंधरा दिवसांवर आली होती आणि रेणुकाचं नाव शाळेत नव्हतं. सरांनी मार्ग काढला. दीपिका नववीत होती, तिच्या नावावर रेणुका खेळेल. दोघींचं नाक एक, कपाळ एक. ओळखपत्रावरच्या नखाएवढ्या फोटोत कुणाला काय कळणार? धुरपताबाई हसून म्हणाली, "नाव एकीचं, हात दुसरीचे. घरातल्या घरातच हाय की सगळं."

दोन वर्षं रेणुका खेळली. चेंडू कुंपणाबाहेर गेला की होमरन, मग चारी टप्पे सावकाश पळायचे, एवढं तिला पहिल्याच सामन्यात समजलं. राष्ट्रीय स्पर्धेत पाच सामन्यांत तिनं सात होमरन मारले. समोरची पोर चेंडू टाकायच्या आधी छातीला हात लावून देवाचं नाव घ्यायची, असं सोबतच्या पोरी सांगतात. पेपरवाले ओरडायचे, "दीपिका, इकडं बघ!" ती बघायची, पण जरा उशिरानं.

अठराव्या वर्षी तिचं लग्न लावून दिलं. चार वर्षांनी ती परत आली ती कायमचीच. का आली, ते तिनं कुणाला सांगितलं नाही. ती दुसऱ्यांच्या रानात कापूस वेचू लागली. प्रमाणपत्रं दीपिकाच्या फाइलीत होती. त्यांवर दीपिकाला खेळाडूंच्या कोट्यातून लिपिकाची नोकरी लागली. पेढे वाटताना धुरपताबाईनं पहिला पेढा रेणुकाच्या तोंडात घातला. तो तिनं खाल्ला.

मागच्या साली कुणीतरी निनावी तक्रार केली, की खेळली ती रेणुका, दीपिका नव्हे. जागा हुकलेल्यांपैकीच कुणीतरी असेल. चौकशी समितीनं दोघींना मैदानावर बोलावलं. फोटोवरून उलगडा होत नव्हता, म्हणून बॅट हातात देऊन बघायचं ठरलं. प्रत्येकीला तीन चेंडू.

आदल्या दिवशी धुरपताबाई रेणुकाला पोखर्णीला घेऊन गेली. नरसिंहाच्या देवळाच्या पायरीवर बसून तिनं रेणुकाचा हात धरला.

"तुला फकस्त हुकवायचं हाय, माय. दीपीला न्हाई जमलं तरी चालंल. खांदा दुखायलाय मनंल ती. पर तुला जमलं, तर तिची नोकरी गेली समज. घे आण देवाची."

"देवापुढं खोटं बोलायची आण घेऊ व्हय, काकू?"

"म्या तुला पोसलं, ते खोटं हाय का?"

रेणुकानं आण घेतली. देवाकडं मात्र तिला वर बघवलं नाही.

दुसऱ्या दिवशी दीपिकाचे दोन चेंडू हुकले. तिसरा बॅटीला घासून तिच्याच पायापाशी पडला. तिनं खांदा धरला. समितीच्या साहेबांनी वहीत काही टिपलं नाही. मग रेणुकाला बोलावलं. बारा वर्षांनी बॅट हातात आली होती. पहिला चेंडू तिनं जाऊ दिला. दुसऱ्याला बॅट उशिरा फिरवली. साहेब शेजारच्याला म्हणाले, "हिला तर धरताही येत नाही नीट." तो हसला.

तिसरा चेंडू भिंतीवरून गेला. पलीकडं रस्त्यावर कुणीतरी ओरडलं.

दीपिकानं खांद्यावरचा हात काढला. साहेबांनी विचारलं, "तेव्हा तू खेळत होतीस?"

"व्हय. ते समदे म्या मारलेत. माझं नाव लिवा साहेब."

साहेबांनी लिहिलं. सही करताना रेणुकानं वाचलं. नाव पूर्ण होतं, बापाच्या नावासकट. पुढं लिहिलं होतं, 'तोतया खेळाडू'.

दोन महिन्यांनी आदेश आला. दीपिकाची नोकरी गेली, सरांवर गुन्हा दाखल झाला. त्या दोन वर्षांचे सगळे सामने रद्द झाले, म्हणजे संघातल्या बाकीच्या पोरींची प्रमाणपत्रंही गेली. सात होमरन आता ना दीपिकाचे राहिले, ना रेणुकाचे. संघातली धम्मशीला घरी येऊन दारातूनच म्हणाली, "माझी भरती तोंडावर आलती रेणे. तुझ्या नावानं आमाला काय दिलं?" धुरपताबाईनं रेणुकाची चूल वेगळी मांडून दिली.

दीपिका नवऱ्याचे टोमणे ऐकून माहेरी आली आणि वेचणीच्या वेळी कामाला येऊ लागली. रेणुकाच्या शेजारचीच पात, म्हणजे वेचायची ओळ, तिला मिळाली. दुपारपर्यंत दोघी खाली मान घालून वेचत राहिल्या. दीपिकाच्या बोटांना सवय नव्हती. बोंडाची टोकं लागून रक्त निघत होतं.

शेवटी तिनंच विचारलं, "रेणे, आई मनती हात आपोआप फिरला असंल. खरं सांग. तुला तो चेंडू हुकवता येत नव्हता का?"

रेणुकानं हातातला कापूस ओटीत टाकला.

"येत होता," ती म्हणाली.

दीपिकानं आपली ओटी सावरली आणि पार बांधाकडची पात धरली.