खाजगी रकान्यातली ओळ

आमच्या बंगळूरच्या मराठी मंडळाच्या वधूवर नोंदणीत एक खाजगी रकाना असायचा. आजारपण, मोडलेलं लग्न, जे चारचौघांत बोलवत नाही ते तिथं खरं खरं लिहायचं, आणि वाचायचं फक्त समितीनं, अशी रीत. चामराजपेटच्या अक्कांनी मुलीला फिट्स येतात हे तिथं लिहिलं, ते माझ्या भरवशावर. मी प्रोसेसर तपासणारा इंजिनिअर, आणि नोंदणीचा कॉम्प्युटर मीच बसवलेला.

कॉम्प्युटर मंडळाचा, पण त्यावर आणखी दोन-चार संस्थांचे प्रोग्रॅम चालायचे. त्या सुमारास प्रोसेसरमधली एक खोड उघडकीला आली. वेळ वाचवायला तो पुढचं काम अंदाजानं आधीच करून ठेवतो. अंदाज चुकला की टाकून देतो, पण टाकलेल्याचा माग उरतो, आणि शेजारचा प्रोग्रॅम त्यावरून दुसऱ्याची माहिती काढू शकतो. मी त्यावरचा उपाय लावला, तर पत्रिका जुळवणं रखडायला लागलं. समितीतले म्हातारे रोज डोकं खायचे, "स्वल्प लवकर होईल असं बघा की हो." वैतागून मी तो उपाय बंदच करून टाकला. आमच्यावर कोण टपून बसलंय, म्हटलं. ऑफिसात हेच कुणी केलं असतं तर मी त्याला फाडून खाल्लं असतं.

एका स्थळाशी बोलणी चालू होती; ती पुढं गेली की फिट्सचं अक्का स्वतःच सांगणार होत्या. त्याआधीच मुलाकडच्यांना कुठून तरी कळलं, आणि लपवलंत म्हणून त्यांनी बोलणी मोडली.

"कॉम्प्युटरातून गेलं का रे?" अक्कांनी विचारलं.

कॉम्प्युटरवर कुणी काय उघडलं त्याच्या सगळ्या नोंदी मी तपासल्या. "काही सापडलं नाही, अक्का." शब्द न् शब्द खरा. अशी चोरी नोंदीत दिसतच नाही, एवढंच मी गिळलं. लाज वाटते अजून.

"सरी, ठीक आहे," त्या म्हणाल्या. "म्हणजे जावेनंच सांगितलं." समितीवर त्यांचा विश्वास होता; बाकी घराबाहेरच्या कुणाला ठाऊक नव्हतं, आणि घरात मायलेकींखेरीज फक्त जावेला. महिन्याभरात एका घरात दोन चुली झाल्या.

उपाय मी त्याच दिवशी पुन्हा लावला. माहिती माझ्या फटीतून गेली की जावेच्या तोंडून, हे मला कधीच कळणार नाही. हेच मला आत खातं.

परवा मल्लेश्वरमच्या बाजारात ती जाऊ भेटली. खूप वाळली आहे.

"तू नीट तपासलं होतंस ना?" तिनं विचारलं. "मग माझ्याच तोंडून कधी निसटलं असेल बघ. आठवत नाही रे, पण निसटलंच असणार."

मी तिची पिशवी उचलून रिक्षात ठेवली.