सुमनकाकूंचा हिरवा शालू

सकाळी पावणेसातला फोन वाजला तेव्हा मी मुक्ताची वेणी घालत होते. शाळेची रिक्षा यायला दहा मिनिटं होती आणि तिचा एक मोजा सापडत नव्हता. फोनवर पावसच्या सायलीचं नाव दिसलं तेव्हा वाटलं, तिच्या सासूबाईंच्या, सुमनकाकूंच्या गोळ्या आणायला सांगणार असेल. "ताई, आई गेल्या," ती म्हणाली. पहाटे, झोपेतच. ती चहा घेऊन गेली तर हात गार लागला... मग थोडं थांबून तिने विचारलं, "आईंना नेसवायचं काय गं? तुला काही बोलल्या होत्या?" दुसऱ्या कुणी हा प्रश्न मला विचारला असता तर मी म्हटलं असतं, मला काय ठाऊक. पण सुमनकाकूंनी शेवटी नेसायचा शालू वर्षानुवर्षं जपून ठेवला होता आणि तो सायलीने आणि मी मिळून विकून टाकला होता, हे आम्हा दोघींइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं.

मी जुन्या साड्या विकते. रत्नागिरीत, घराच्या पुढच्या खोलीत. मुक्ता आठ महिन्यांची असताना हे सुरू झालं. नवरा मुंबईला नोकरीत, महिन्यातून दोनदा येणार. माझी नोकरी बाळंतपणात सुटलेली. आईच्या चार इरकली साड्यांचे फोटो सहज टाकले, तर लोकांनी विचारून विचारून भंडावून सोडलं. आईने मात्र नाक मुरडलं. "एवढी शिकून शेवटी बोहारीण झालीस. भांडी तेवढी देत नाहीस." साड्या रिठ्याच्या पाण्यात धुवायच्या, सावलीत वाळवायच्या, विरलं असेल तिथे रफू करायचं आणि मुक्ता झोपली की धावतपळत फोटो काढायचे. ती जागी असली की प्रत्येक पदराखालून दोन पाय दिसत. एका पैठणीवर तिने स्केचपेनने सूर्य काढला. गिऱ्हाइकाला जरीचं महत्त्व समजावून सांगत असताना मागून "आई, शी झाली" अशी आरोळी येई. लोकांना वाटतं, घरबसल्या धंदा म्हणजे मूलही आपोआप सांभाळलं जातं. मला दोन्ही अर्धंमुर्धंच जमत होतं. त्या दिवसांत मी सतत चिडलेली असे, आणि चिडले की माझं लक्ष ठिकाणावर राहत नाही.

अशाच एका दिवशी सायलीने मला पावसला बोलावलं. तिची माझी ओळख जेमतेम, माझ्याकडून एक साडी घेतली होती तेवढीच. सासूबाई मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी मुंबईला लेकीकडे गेल्या होत्या, घर रंगवायला काढलं होतं, आणि त्या परत यायच्या आत तिला पसारा कमी करायचा होता. तिने पत्र्याची एक ट्रंक माझ्यापुढे उघडली. तळाशी, धोतराच्या तुकड्यात बांधलेला, हिरवागार शालू! घडीत खण, हळदीकुंकवाच्या पुड्या आणि डझनभर हिरव्या बांगड्या. "लग्नातली ओटी दिसत्येय," सायली म्हणाली. "किती जपलंय बाई," मी म्हटलं. सवाष्णीला शेवटचं पाठवतानाही हेच सगळं लागतं, हे दोघींपैकी एकीच्याही डोक्यात आलं नाही. बांगड्या कोऱ्या आहेत, एकदाही हातात चढलेल्या नाहीत, हे मी बघितलंसुद्धा होतं. पण कडेवर मुक्ता रडत होती आणि मला फक्त शालू दिसत होता. आठवड्याच्या आत तो पुण्याच्या एका मुलीने स्वतःच्या लग्नासाठी घेतला. बांगड्या मी मुक्ताला खेळायला दिल्या.

महिन्याभराने दुपारी दारात एक ठेंगणी बाई उभी राहिली. डोळ्यांवर काळा चष्मा, हातात कापडी पिशवी. अडीच वर्षांची मुक्ता पार खांद्यापर्यंत हिरव्या बांगड्या चढवून जमिनीवर बसली होती. बाई तिच्याकडे बघत राहिल्या. मग मला म्हणाल्या, "पावसहून येत्ये. सायलीची सासू मी. शालू आहे काय गो अजून?" मी मोठ्या अभिमानाने सांगितलं, तो तर हातोहात गेला. त्या उंबऱ्यावरच बसल्या. "आमच्या ह्यांच्या, आबांच्या आधी जायचं होतं मला," म्हणाल्या. "तेव्हा नेसवायला ठेवला होता." बस, एवढंच. मी मुक्ताच्या हातातल्या बांगड्या ओरबाडायला लागले, तिने भोकाड पसरलं, तशा काकू म्हणाल्या, "राहू दे गो. पोरीच्या हातात वाजतायत त्या. ट्रंकेत कुठे वाजत होत्या?" मी तिथल्या तिथे पुण्याला फोन लावला. लग्न होऊन चार दिवस झाले होते. मुलीने सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, "मला वाईट वाटतंय, पण तो आता माझ्या लग्नाचा शालू आहे ना." शेजारी बसलेल्या काकूंना ऐकू गेलं. "बरोबर बोलत्ये ती," त्या म्हणाल्या आणि पाणी मागितलं.

मला वाटलं, सुटले. पण पुढच्या मंगळवारी त्या पुन्हा हजर! आबा अंथरुणाला खिळलेले होते, त्यांची औषधं न्यायला दर मंगळवारी काकू रत्नागिरीला येत, आणि परतीच्या एसटीला तासभर असे. सुरुवातीला मला त्यांचं येणं टोचायचं. माझी चूक मला दाखवायलाच येतात, असं मी नवऱ्याला म्हणालेसुद्धा. त्यांनी मात्र तिसऱ्या की चौथ्या मंगळवारी माझ्या हातातली सुई काढून घेतली. "हे रफू आहे की चिखलातली वाट?" त्यानंतर माझ्याकडचं नाजूक रफू त्याच करू लागल्या. मुक्ताला मी दिवसभर "लांब बस, हात लावू नको" करत असे. काकूंनी तिला जवळ बसवलं आणि पदरावरचे मोर मोजायला लावले. एक, दोन, सात, अकरा... पाच मिनिटांत ती कंटाळून अंगणात गेली. "लांब बस म्हटलंस तर मधेच येणार," काकू दोरा तोडत म्हणाल्या. "मधे बस म्हण, आपोआप लांब जाईल." मुलं वाढवण्यावरची मी वाचलेली सगळी पुस्तकं त्या एका दुपारी मी कपाटात टाकली. मुक्ता त्यांना काकूआजी म्हणायला लागली आणि मंगळवार आमच्या घरात सणासारखा झाला.

दोन वर्षांनी आबा गेले. महिना-दीड महिना काकू आल्या नाहीत. मग एका मंगळवारी आल्या, औषधं न्यायची नव्हती तरी. कपाळ मोकळं होतं. बसल्या बसल्या म्हणाल्या, "आता तो शालू असता तरी मला नेसवला नसता कुणी. तेव्हा तू उगाच जीव जाळू नको." मी हुंदके देऊन रडले. नवरा त्यांचा गेला होता, आणि पाठीवर हात त्या माझ्या फिरवत होत्या. मला लाजही वाटली, पण रडू थांबेना.

गेल्या दिवाळीआधी पुण्याहून एक पार्सल आलं. ती मुलगी नवऱ्याबरोबर परदेशी निघाली होती. चिठ्ठीत एकच ओळ होती : त्या आजी असतील तर त्यांना द्या. काकूंसमोर शालू उलगडला आणि एका दमात बोलून टाकलं, "काकू, मी सांभाळून ठेवते. तुम्हाला हाच नेसवायचा. लोक काय म्हणायचं ते म्हणोत, मी सगळ्यांशी भांडेन." त्यांनी काठावरून हात फिरवला. मग हसल्या. "भांडशील गो तू, माहीत आहे मला. पण जाळायला का पाठवला तिने तो? मला आपलं सुती, मऊ, धुतलेलं काहीतरी नेसवा. जन्मले तेव्हाही जुनेरातच गुंडाळलं होतं मला." आणि कात्री मागितली. माझ्या दुकानात जुन्या साडीला कात्री लावत नाहीत, हा माझा एकमेव नियम. "काकू, नको!" मी ओरडले. "तुझा आहे की माझा?" त्यांनी विचारलं. शालू पावसला गेला आणि दिवाळीत मुक्ताचं परकर-पोलकं होऊन आला.

तर सायलीला मी फोनवर एवढंच सांगितलं, "जरीचं काही नको म्हणाल्या होत्या. थांब, मी आणते." मुक्ताला शाळेत पाठवलं नाही. दुकानातली सगळ्यात मऊ सुती साडी काढली, फिक्या जांभळ्या रंगाची, तिला दोन ठिकाणी काकूंनीच केलेलं रफू होतं, आणि मायलेकी स्कूटरवरून पावसला गेलो. सायलीने आणि मी मिळून काकूंना नेसवलं. निऱ्या घालताना सायली म्हणाली, "आईंनी मला त्या शालूवरून एका शब्दाने कधी बोल लावला नाही." "मलाही," मी म्हटलं. दोघींनी मिळून पदर काकूंच्या खांद्यावरून घेतला. मग कुणीतरी बाहेरून हाक मारली.

याला पाच आठवडे झाले. गेल्या आठवड्यात शाळेच्या कार्यक्रमाला मुक्ताने कपाटातून परकर काढून घातला, तर तो घोट्याच्या बराच वर गेलेला. मी आतून उलटा केला. खालच्या घेराला काकूंनी चार आडव्या दुमडी घातल्या होत्या, परकर वाढवायला ठेवतात तशा. पोलक्याची, कमरेची शिवण मशीनची, बारीक, घट्ट. ह्या चार दुमडी मात्र हाताने घातलेल्या, लांब लांब धावदोऱ्याच्या, माझ्यासारख्या धांदरटालाही कापड न फाटता उसवता येतील अशा. मी टोक धरून ओढलं आणि दोरा सरळ हातात आला. खाली चार बोटं नवाकोरा हिरवा रंग उलगडला. मुक्ता उड्या मारत म्हणाली, "आई, सगळ्याच काढ ना! मग जमिनीपर्यंत येईल." मी नाही म्हटलं. पायात येऊन पडशील, असं कारण दिलं तिला. खरं म्हणजे उरलेल्या तीन मला इतक्यात संपवायच्या नाहीत.