काऊन विचारणाऱ्या शोभाताई

शोभाताई निमजे यांची आणि माझी पहिली भेट भांडणावरच गेली असती. वर्ध्यातल्या त्यांच्या छोट्याशा सॉफ्टवेअर कचेरीत मी नोकरी मागायला गेलो होतो आणि बराच वेळ बाहेर ताटकळलो. मी तापट माणूस. उठून निघालोच होतो. तेवढ्यात त्या स्वतः बाहेर आल्या, उशिराबद्दल माफी मागितली आणि म्हणाल्या, "राग आला असन त आंधी च्या पे, मंग भांडजो." भांडण राहूनच गेलं. नोकरी आजही चालू आहे.

ताई मूळच्या रोहण्याच्या. शिक्षण नागपूरला, मग पुण्यात नोकरी. पण मनातलं बोलायचं झालं की त्या वऱ्हाडीवरच येतात.

एका रुग्णालयाच्या रक्तपेढीचं सॉफ्टवेअर आमच्याकडे होतं. रक्ताच्या प्रत्येक पिशवीचा गट, मुदत, तपासण्या ते पदोपदी पडताळून पाही. कोणी नुसती यादी उघडली तरी साऱ्या पिशव्यांची पडताळणी नव्याने सुरू! संगणकाचा पडदा अडकून बसे आणि रक्तपेढीच्या खिडकीशी रुग्णांचे नातेवाईक खोळंबत. तिथले व्यवस्थापक वैतागले. सगळ्या पडताळण्या काढा, नाहीतर आम्ही दुसरीकडे जातो, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं. त्यांचंही काय चुकलं? खिडकीवरची रडारड रोज त्यांनाच ऐकावी लागे.

ताई दिवसभर त्या खिडकीआड जाऊन बसल्या. मग त्यांनी प्रत्येक पडताळणीला वेगळं बटण दिलं. यादी पाहताना बहुतेक बंद, पिशवी हातात देताना सगळ्या चालू. त्यात ताईंची एक खोड होतीच. कोणतंही बटण बंद करू गेलं की पडद्यावर वऱ्हाडीत 'का?' असा प्रश्न येई, 'काऊन?' कारण लिहून खाली स्वतःचं नाव टाकल्याशिवाय बटण बंद होत नसे. आम्ही हसलो, निदान 'कारण' असं तरी लिहा म्हणालो. ताई बधल्या नाहीत. 'कारण' दिसलं की माणूस काहीतरी खरडतो. 'काऊन' म्हटलं की घरचंच कोणी विचारतंय असं वाटतं, हे त्यांचं म्हणणं.

पडदा झरझर चालू लागला. व्यवस्थापकांना मात्र हाव सुटली. पिशवी देतानाची रक्तगटाची पडताळणीही त्यांना बंद हवी होती. ती बंद केली तर एखाद्या दिवशी भलत्याच गटाची पिशवी कोणाच्या तरी शरीरात चढेल. नकार द्यावा तर आमचं सर्वात मोठं काम जाईल. मी बाह्या सरसावल्या. ताईंनी मला गप्प बसवलं, व्यवस्थापकांपुढे खुर्ची सरकवली आणि शांतपणे म्हणाल्या, "बटण आहे साहेब. तुम्हीच दाबा."

त्यांनी दाबलं. 'काऊन?' आलं. त्यांनी 'वेळ वाचतो' असं लिहिलं, नाव टाकायला गेले आणि थांबले. मग लिहिलेलं पुसलं.

"ताई, हे बटण मले नको," ते म्हणाले. "कोणालेच नको. काढून टाका."

ताईंनी जिंकल्याचा आव आणला नाही. बटण तेवढं त्याच दिवशी काढलं; पिशवी देतानाची रक्तगटाची पडताळणी आता कोणालाच बंद करता येत नाही.

परवा माझ्या बहिणीच्या बाळंतपणात मी त्याच खिडकीशी उभा होतो. जीव टांगणीला लागला होता. पिशवी देण्याआधी पडदा क्षणभर थांबला आणि, माझ्यासारख्या तापट माणसाला, त्या थांबण्याचा राग आला नाही. उलट डोळेच भरून आले. बहीण आणि भाची सुखरूप आहेत.

साठी पूर्ण करणाऱ्या आमच्या ताईंना निरोगी, दीर्घ आयुष्य लाभो, ही प्रार्थना मी आम्हा सहकाऱ्यांच्या वतीने करतो. आणि त्या खिडकीतून पिशवी घेऊन वॉर्डाकडे धावलेल्या, ताईंचं नावही ठाऊक नसलेल्या सगळ्या माणसांच्या वतीनेही.