गाण्याखालचे आवाज

परभणीत स्टेशन रोडला त्याचं व्हिडिओ मिक्सिंगचं दुकान होतं. लग्नाची कॅसेट तयार करताना तो माणसांचे आवाज पार काढून टाकायचा आणि वर सिनेमातली गाणी चढवायचा. कॅसेटवर फुंकर मारून ती मशीनमध्ये सारायची आणि मान वर न करता विचारायचं, "गाणं कोणतं टाकू?" गिऱ्हाइकाशी त्याचं बोलणं एवढंच.

भावाच्या लग्नात मी कॅमेऱ्याशेजारी उभा असताना आई मला काहीतरी म्हणाली होती. काय, ते आठवत नव्हतं. ती गेल्यावर मी कॅसेट घेऊन त्याच्याकडं गेलो. म्हटलं, "गाणं काढा. आईचा आवाज पाहिजे."

"आता कुठला, भाऊ. मूळ कॅसेटवर दुसरं लगीन उतरवलं."

मग त्यानं आईचे ओठ हलत होते तिथं चित्र मागं घेतलं, पडद्याला नाक लागेल इतका वाकला आणि हळूच म्हणाला, "जेवलास का, म्हणायल्यात."

आई तसंच विचारायची. ते चित्र मी पुन्हा पुन्हा लावून ऐकायचो.

पुढं एकदा दुकानात गेलो, तर चुडावा गावचा एक म्हातारा बसलेला. पडद्यावर त्याचा वारलेला मुलगा बोलत होता आणि वर सनई वाजत होती. दुकानवाला तसाच वाकला.

"जेवलाव का दादा, म्हणायलाय."

म्हाताऱ्यानं धोतराच्या सोग्यानं डोळे पुसले. तेवढ्यात मी दुकानवाल्याला दिसलो. त्यानं मला गाणं विचारलं नाही.

घरी येऊन कॅसेट लावली. आईचे ओठ हलत होते, आणि मला नुसतं गाणं ऐकू येत होतं.